औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि बिनभिंतींचा तुरुंग

आपल्या वार्षिक स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, ही प्रथा आपण आजवर पाळीत आलो आहो. बहुधा ही चरित्रे आपल्याच ज्ञातीतील कर्तबगार वडीलधाऱ्यांची असतात, आणि ते योग्यही आहे. परंतु सद्गुणास ज्ञातीचे कुंपण नसते. म्हणून यंदा ज्ञातीबाहेरील, पण आपल्या सोलापूरच्या शेजारच्याच मुलखात नांदून गेलेल्या एका राजाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे ते राजे होत. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि कलाप्रेमी चित्रकार राजे म्हणून त्यांचे नाव घरोघरी माहीत आहे. त्यांनी तुरुंगाच्या व्यवस्थेत जे धाडस केले, ते मात्र तितके माहीत नाही. तेच आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे, कारण त्या धाडसाचे उरलेले अर्धे काम आपल्यासारख्या कुटुंबांच्या हाती आहे, असे आम्हांस वाटते.

प्रतिनिधींचे घराणे मूळचे किन्हईचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, स्वराज्यावर मोठे संकट असता, परशुरामपंत त्रिंबक यांनी जी सेवा केली तिच्यामुळे हे घराणे उदयास आले आणि प्रतिनिधिपद त्यांच्याकडे चालत राहिले. या घराण्यात १८६८ साली बाळासाहेबांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांत पदवीधर विरळा. वडिलांच्या हाताखाली त्यांनी काही काळ कारभाराचा अनुभव घेतला आणि १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले. वय चाळिशीचे होते. तेव्हा तारुण्याचा उतावळेपणा ओसरलेला आणि जगाची ओळख पुरती झालेली, अशा अवस्थेत त्यांच्या हाती सत्ता आली, हे प्रजेचे भाग्यच म्हटले पाहिजे.

संस्थान लहान. सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख, बहात्तर गावे, आणि लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तोही मुलूख सलग नव्हे. औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते, आणि मधून मधून इंग्रजी व इतर संस्थानांची हद्द. यांपैकी आटपाडीचा तालुका आपल्या सांगोल्याला लागून आहे. माणगंगेच्या काठचा हा माणदेश पावसाला पारखा. ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी माणसे मेंढरे घेऊन किंवा नुसती पोटे घेऊन बाहेर पडत. अशा संस्थानाचे उत्पन्न ते किती असणार? तरीही बाळासाहेबांनी त्यातून जे उभे केले ते पाहून मन थक्क होते.

ते स्वतः उत्तम चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी चित्रमालिका काढली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिला भरघोस द्रव्यसाहाय्य देणाऱ्यांत ते अग्रेसर होते. औंधच्या डोंगरावर, यमाईच्या वाटेवर, १९३८ साली त्यांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आजही रसिकांस ओढून नेते. ते कीर्तन करीत, साहित्यिकांत बसत, आणि १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. सूर्यनमस्कार तर त्यांनी आपल्या राज्यातील शाळांत रुजविलेच, शिवाय पुस्तके लिहून त्यांची ख्याती परदेशापर्यंत नेली.

परंतु या सर्वांहून आम्हांस त्यांचा एक गुण विशेष वाटतो. माणसाची पारख करून, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, त्याच्यावर विश्वास टाकण्याचा तो गुण होय. त्याचे पहिले मोठे उदाहरण कारखानदारीचे आहे आणि आपल्या उद्योगी कुटुंबांनी ते अवश्य ध्यानी घ्यावे. बेळगावात लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांस तेथील जागा सोडणे भाग पडले, तेव्हा १९१० साली बाळासाहेबांनी त्यांस आपल्या संस्थानात बोलावून घेतले. कुंडल रोड स्टेशनालगतचा निवडुंगाने भरलेला माळ आणि उसने भांडवल त्यांनी त्यांस दिले. किर्लोस्करांचा नांगर तेव्हा शेतकऱ्यांस पटलेला नव्हता, नांगराच्या लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, आणि सावकारी हिशेबाने पाहिले तर हे पैसे बुडीत खात्याचेच. पण राजांनी हिशेब माणसाचा केला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. विशेष असे की, खुद्द लक्ष्मणरावांनीही तोच धडा पुढे गिरविला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी आपल्या वाडीच्या राखणीवर नेमले. ज्याला जग चोर म्हणते त्याच्याच हाती किल्ल्या द्यावयाच्या, हा विचार त्या वाडीत फळास आला.

आता तुरुंगाच्या विषयाकडे वळू. आपल्या देशातील तुरुंगांची घडी इंग्रजांनी घातली. १८९४ चा तुरुंगांचा कायदा हा तिचा पाया. कैद्यास सुरक्षित कोंडून ठेवावे, शिस्त राखावी, कष्ट करून घ्यावेत, आणि गुन्ह्याची जरब बसवावी, एवढाच त्या घडीचा मुख्य हेतू होता. १९१९-२० साली नेमलेल्या तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हेही तुरुंगाचे कर्तव्य आहे असे मान्य केले, पण कागदावरील मान्यता दगडी भिंतीच्या आत पोहोचावयास फार वेळ लागतो. तुरुंग हा विषय त्याच सुमारास प्रांतांकडे गेला आणि आजही तो राज्यांच्याच अखत्यारीत आहे. म्हणून सबंध देशाची तुरुंगव्यवस्था एका हुकुमाने बदलत नाही. ती कोठेतरी एका कोपऱ्यात, एखाद्या धीराच्या माणसाकडून बदलावयास लागते, आणि मग इतरांस तिचे अनुकरण करावेसे वाटते.

हा कोपरा आटपाडीचा ठरला. त्याची पार्श्वभूमी अशी. १९३८ साली, वयाच्या सत्तरीत पदार्पण करताना, बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे ठरविले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश गृहस्थ सेवाग्रामला महात्मा गांधींकडे गेले, आणि त्यांच्या सल्ल्याने औंधची घटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती जाहीर झाली. ग्रामपंचायती पायाशी आणि राज्याची सभा शिखरावर, अशी तिची रचना होती. ज्या काळी बहुतेक संस्थानिक आपले मुकुट घट्ट धरून बसले होते, त्या काळी एका राजाने तो आपण होऊन उतरवून ठेवला.

फ्रीडमन यांची ओळख येथे करून देणे अवश्य आहे. वॉर्सा शहरी जन्मलेले हे ज्यू गृहस्थ विजेचे इंजिनियर होते, आणि म्हैसूर संस्थानच्या बंगळूर येथील कारखान्यात कामास आले होते. पुढे त्यांनी भगवी वस्त्रे घेतली, भारतानंद हे नाव धारण केले, आणि गांधीजींच्या चरखाकार्यात धनुष्य तकलीची भर घातली. उत्तरायुष्यात मुंबईस श्री निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणून त्यांनी ते जगापुढे ठेवले. १९७६ साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. यंत्राचे ज्ञान आणि वैराग्याची वृत्ती एकाच माणसात क्वचितच सापडते. बाळासाहेबांनी परक्या देशाच्या आणि परक्या धर्माच्या या माणसास ओळखले व आपल्या राज्यात मोकळीक दिली.

कैद्यांना भिंतीआड कुजत ठेवण्यापेक्षा मोकळ्या रानात, त्यांच्या बायकामुलांसह, शेती करून राहू द्यावे, ही कल्पना फ्रीडमन यांनी मांडली. आज ती ऐकावयास सोपी वाटते. त्या दिवशी ती वेडगळच वाटली असणार. हे कैदी पाकीटमार नव्हते. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली ती माणसे होती. एक जरी कैदी पळाला, किंवा त्याने शेजारच्या इंग्रजी हद्दीत एक जरी अपराध केला, तरी जाब राजांस द्यावा लागणार होता. वर ब्रिटिश सरकारचा डोळा होताच. संस्थानिकाची गादी अशा निमित्तांनी डळमळीत होत असे. तरीही बाळासाहेबांनी परवानगी दिली, आटपाडीजवळ जमीन दिली, आणि १९३९ साली तेथे वसाहत सुरू झाली. तिला नाव मिळाले स्वतंत्रपूर. तुरुंगास हे नाव! त्या एका शब्दातच सारी योजना आली आहे.

या वसाहतीस कोट नाही. कैद्याच्या पायात बेडी नाही. तो सकाळी शेतावर जातो, पिकाची राखण करतो, दिवेलागणीस आपल्या घरी येतो, आणि ठरल्या वेळी हजेरी देतो. त्याची बायको त्याच्यासाठी भाकरी थापते आणि मुले शाळेत जातात. वरवर पाहता हे एखाद्या वाडीचेच चित्र होय. पण खोल पाहिले म्हणजे यातील शहाणपण ध्यानात येते. भिंतीआडच्या तुरुंगात माणूस चौदा वर्षे काढतो, तेव्हा त्याला दुसऱ्याच्या हुकुमाने उठण्याची, जेवण्याची आणि निजण्याची सवय लागते. घर मोडते, बायको माहेरी किंवा मजुरीस जाते, मुले वाऱ्यावर पडतात. शिक्षा संपते तेव्हा सुटतो तो नुसता देह, माणूस आधीच हरवलेला असतो. स्वतंत्रपुरात मात्र त्याला रोज निवड करावी लागते. पळण्यास वाट मोकळी असता तो पळत नाही. हे न पळणेच त्याचे खरे शिक्षण होय. कुलूप माणसाला धरून ठेवते, पण त्याला प्रामाणिक करीत नाही.

याच काळी आपल्या सोलापुरात काय चालले होते, याचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. सोलापुरातील सेटलमेंट ही त्याच कायद्याची निशाणी. तारेच्या कुंपणाआड शेकडो कुटुंबे राहत, हजेरी देत, आणि कामासाठी बाहेर जात. त्यांतील कित्येकांनी कोणताच अपराध केलेला नव्हता. त्यांचा अपराध एकच, अमुक जमातीत जन्म घेतला. आटपाडीस खुनाच्या शिक्षेतील माणसे कुंपणाविना राहत होती, आणि सोलापुरास निरपराध लेकरे कुंपणाआड वाढत होती. हा विरोध पाहून मान खाली जाते. तो कायदा देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. तार निघाली, पण माणसाच्या नावाला चिकटलेला शिक्का तारेइतक्या सहज निघत नाही, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. एका सबंध जमातीस नावावरून पारखणे किती घोर अन्याय आहे, हे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी तर कधीच विसरू नये.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बाळासाहेबांनी ते शांतपणे पाहिले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. राजा गेला, राज्य गेले, पण स्वतंत्रपूर मोडले नाही. सरकारच्या तुरुंग खात्याने ते आपल्याकडे घेऊन चालविले, आणि खुली वसाहत म्हणून ते पुढेही चालू राहिले. राजाच्या लहरीतून निघालेली पुष्कळ कामे राजाबरोबरच जातात. हे काम टिकले, याचा अर्थ ते लहरीचे नव्हते.

त्यातील मर्म पुढे जगाने ओळखले. इंग्लंडात वेकफील्डच्या तुरुंगाने १९३६ साली उघड्या रानात कैद्यांची छावणी घातली होती. आपल्याकडे उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९५२ पासून कैद्यांच्या खुल्या छावण्या निघाल्या आणि कैद्यांनी धरणांच्या कामावर घाम गाळला. १९५५ साली जिनीव्हा येथे कैद्यांना कसे वागवावे याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने ठरविले, व त्याच परिषदेने खुल्या तुरुंगांचीही शिफारस केली. महाराष्ट्रात पैठण येथे १९६८ साली खुले कारागृह सुरू झाले. आटपाडीच्या माळावरील प्रयोग या सर्वांच्या आधी किंवा बरोबरीने चालला होता. सर्वसामान्य लोकांस तो कळला मात्र चित्रपटामुळे. औंध संस्थानातीलच माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट पाहून डोळे पुसणारे लाखो, पण त्यातील एखाद्या माणसास आपल्या दारी काम देणारे किती?

येथेच आमच्या या लेखाचे खरे प्रयोजन आहे.

खुल्या वसाहतीतही सर्वांस घेत नाहीत, हे आम्ही जाणतो. काही शिक्षा आधी भोगलेली, वर्तणूक चांगली राहिलेली, अशीच माणसे निवडतात, आणि तेथे त्यांस शिक्षेत अधिक सूट मिळते. विश्वास आंधळा नसावा, हे बाळासाहेबांसही मान्य असते. पण निवडून, पारखून, सुधारून बाहेर आलेला माणूस शेवटी जातो कोठे? तो पोटासाठी कामाच्या शोधात येतो. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ आज पुणे रस्त्यावरील चिंचोळी औद्योगिक वसाहतीवर चालतो. कोणाचा स्वतःचा कारखाना आहे, कोणी मुकादम आहे, कोणी यंत्रावर आहे, कोणी कचेरीत. त्या वसाहतीच्या फाटकांपाशी रोज माणसे काम मागावयास येतात. त्यांत एखादा असा असतो की, मधली सात-आठ वर्षे कोठे होता या प्रश्नाला त्याच्यापाशी सांगण्याजोगे उत्तर नसते. खरे सांगितले तर काम जाते, खोटे सांगितले तर पोलिसांच्या चारित्र्य-दाखल्यात ते उघडे पडते. राज्याने त्याला शिक्षा दिली ती संपली. समाजाने दिलेली शिक्षा मात्र त्या फाटकापाशी सुरू होते, आणि तिला मुदत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तुरुंगात गेलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार ठरलेला नसतो. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार आपल्या देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन जण खटला चालू असलेले होते. त्यांतील पुष्कळ जण पुढे निर्दोष सुटतात. तरीही गावात त्यांच्या नावापुढे तुरुंगाचा उल्लेख राहतोच. ज्याचा अपराधच सिद्ध झाला नाही, त्यालाही आपण दाराबाहेर ठेवावयाचे काय?

कारखानदाराची अडचण आम्हांस कळते. माल त्याचा, जोखीम त्याची, इतर कामगारांची भीतीही त्यालाच निवारावी लागते. म्हणून आम्ही अशक्य असे काही सुचवीत नाही. अर्जातील त्या एका ओळीवरून अर्ज बाजूस सारू नये, माणसाला समोर बसवून ऐकून घ्यावे. अफरातफरीत शिक्षा झालेल्यास रोकड सांभाळावयास देऊ नये, पण लेथवर किंवा मागावर बसवावयास हरकत नसावी. त्याला एखाद्या जुन्या, समंजस मिस्त्रीच्या हाताखाली द्यावे. त्याची पूर्वकथा ज्यास कळणे अवश्य आहे त्यालाच सांगावी, साऱ्या खात्यात तिचा बोभाटा करू नये. मजुरी मात्र इतरांइतकीच द्यावी. गरजू आहे म्हणून कमी पैशांत राबवून घेणे, हे उपकाराच्या नावाखाली केलेले शोषण होय. आणि घरातील स्त्रियांनीही एवढे करावे की, अशा माणसाची बायको हळदीकुंकवास आली तर तिच्यासाठी वेगळी सतरंजी घालू नये. किर्लोस्करवाडीत जे शंभर वर्षांपूर्वी जमले ते चिंचोळीत आज का जमू नये?

बाळासाहेबांच्या अंगी राजवैभव होते, विद्या होती, कला होती. पण त्यांचा खरा मोठेपणा असा की, विश्वास टाकताना त्याची किंमत त्यांनी स्वतः देण्याची तयारी ठेविली. कैदी पळाला असता तर गादीचा प्रश्न त्यांच्या पुढ्यात येणार होता, दुसऱ्या कोणाच्या नव्हे. आपल्यापुढे गादीचा प्रश्न नाही. फार तर एखादे यंत्र चार दिवस बंद पडेल, किंवा शेजारी चार शब्द बोलतील. एवढीच किंमत देऊन एक मोडलेले घर पुन्हा उभे राहत असेल, तर व्यापारी दृष्टीनेही तो सौदा तोट्याचा नव्हे.

आपल्या ज्ञातीतील कारखानदारांनी आणि मुकादमांनी या वर्षी निदान एकेका अशा माणसास कामावर घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. त्याची नावनिशीवार यादी या स्मरणिकेत छापण्याचे कारण नाही, कारण तसे करणे त्या माणसास पुन्हा डागणेच होईल. ज्याने काम दिले त्याला आणि ज्याने ते केले त्याला ठाऊक असले म्हणजे पुरे. आटपाडीच्या माळावर कैद्यांसाठी रान मोकळे करणाऱ्या त्या उदारहृदयी राजाच्या स्मृतीस आमचे सादर अभिवादन असो.